बारा नंबरच्या टाकीबाहेर

“खाली उतर. आधी खाली उतर, मग काय ते बोल.”

परांचीवरच्या माणसाने खाली पाहिले. चाळीस फूट खाली ती गळ्यातली शिट्टी बोटांत धरून उभी होती. त्याच्या कमरेला सेफ्टी बेल्ट होता, पण बेल्टचा हूक कुठेच अडकवलेला नव्हता. शेपटासारखा मागे लोंबत होता.

“बाई, दोनच बोल्ट राहिलेत.”

“बोल्ट राहतील तिथंच. तू राहशील का?”

तो पुटपुटत उतरू लागला. मुकादम धावत आला आणि गयावया करू लागला. तिने त्याच्याकडे न बघता वहीत लिहिले : तीन गुण वजा. खाली रेघ इतक्या जोरात ओढली की कागद फाटला.

कारखान्यात तिला सगळे शिट्टीबाई म्हणत. बाहेरून येणाऱ्या कंत्राटदारांची माणसे नियम पाळतात की नाही, हे बघून गुण देणे ही तिची नोकरी होती. गुण साठाच्या खाली गेले तर कंत्राटदाराला ताकीद मिळायची. मात्र हवेची तपासणी न करता कुणी बंद टाकीत माणूस उतरवला आणि ते सिद्ध झाले, तर गुणांचा प्रश्नच नव्हता. नाव यादीतून कायमचे बाद. ती यादी आसपासचे सगळे कारखाने मागवून घेत, त्यामुळे एकदा बाद झालेल्या कंत्राटदाराला मग कुणी दारात उभे करत नसे.

बाकीच्या कंत्राटदारांना ती नुसती कडक वाटायची. परांचीवरचा माणूस ज्याचा होता, त्या एकाला मात्र वाटत होते की बाई हात धुऊन आपल्याच मागे लागली आहे. त्याचे काही चुकत नव्हते.

अकरा वर्षांपूर्वी तिचा दादा याच माणसाकडे टाक्यांतला गाळ काढायच्या कामाला होता. एका दुसऱ्या कारखान्यात तो सकाळी टाकीत उतरला आणि दुपारी त्याला दोर बांधून वर ओढले, तेव्हा सगळे संपले होते. चौकशीत कंत्राटदाराने एकच वाक्य सांगितले आणि तेच अहवालात छापले गेले : ‘कामगार स्वतःच्या मर्जीने, कुणालाही न सांगता टाकीत उतरला.’ तिचा दादा शेजारच्या घरीसुद्धा दार वाजवल्याशिवाय आत पाऊल टाकत नसे. ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती. ते वाक्य तिला पाठ झाले. सुरक्षेचा कोर्स तिने त्या वाक्यावर केला, पहिल्या दोन नोकऱ्या त्या वाक्यावर काढल्या. हा कंत्राटदार दरवर्षी या कारखान्याच्या शटडाउनला, म्हणजे कारखाना बंद ठेवून होणाऱ्या दुरुस्तीला, येतो असे कळले, तेव्हा चांगली नोकरी सोडून ती इथे आली. गेली तीन वर्षे तो तिला वाकून ‘नमस्कार मॅडम’ म्हणत होता. त्याने तिला ओळखले नव्हते.

घरी वहिनी होती. दादा गेल्यापासून दोघी एकत्रच राहत. शटडाउनच्या दिवसांत ती दारात बूट काढत असतानाच वहिनी विचारायची, “सापडला?”

“अजून नाही.”

“सापडेल. कुठं जातोय?” वहिनी म्हणायची आणि ताट वाढायला घ्यायची.

शटडाउनच्या सहाव्या दिवशी तो सापडला.

सकाळचे पावणेअकरा झाले असतील. नळांच्या रांगांवरून जाणाऱ्या लोखंडी पुलावर ती उभी होती. खाली बारा नंबरच्या टाकीचे तोंड उघडे होते. आत हवा फेकणारा ब्लोअर बंद होता. शेजारच्या फळीवर गॅस तपासणीची चिठ्ठी होती, पण ती पिवळी होती आणि पिवळा रंग कालचा. आजच्या चिठ्ठ्या हिरव्या होत्या. तोंडाशी राखण करणाऱ्या माणसाचे स्टूल रिकामे होते. त्याला कुणीतरी पाइप उचलायला पिटाळले असणार. आणि पन्नाशीचा एक गाळ काढणारा कामगार बादली दोराला बांधून आत उतरायच्या बेतात होता.

तिचा हात शिट्टीकडे गेला आणि तिथेच थांबला.

आता शिट्टी वाजवली तर काय होईल, याचा हिशेब डोक्यात तयारच होता. माणूस बाहेर आहे, म्हणजे गुन्हा घडलाच नाही. पाच गुण वजा, मुकादमाची दिलगिरी, संध्याकाळी साहेबांपुढे चहा. पण माणूस आत गेला तर? तिने शिट्टी सोडली आणि मोबाइल काढला. पिवळी चिठ्ठी, रिकामे स्टूल, तोंडातून आत नाहीसे होणारे बूट, असे तीन फोटो काढले.

एवढ्यावरही काम झाले असते. पण कंत्राटदार पुन्हा तेच म्हणेल, हे तिला ठाऊक होते. कामगार स्वतःच्या मर्जीने उतरला. तेवढ्यात त्याची गाडी फाटकाच्या वळणावर दिसली. तो स्वतःच येत होता. ती जिना उतरून टाकीमागच्या मोठ्या व्हॉल्व्हआड उभी राहिली आणि मोबाइलवर चित्रण सुरू केले. तिला आनंद होत होता. नंतर तिने स्वतःला खूप काही सांगून पाहिले, पण तो आनंद होता, हे काही तिला पुसता आले नाही.

मुकादमाला मागे घेऊन कंत्राटदार टाकीशी आला. फळीवरची चिठ्ठी त्याने पाहिली.

“टेस्ट झाली नाही का आज?” त्याने मुकादमाला विचारले.

“टेस्टवाले अजून आले नाहीत.”

“मग ते येईस्तोवर काय हात बांधून बसायचं? उतरवलास ते बरं केलंस.” तो टाकीच्या तोंडाशी वाकला. “काय रे, आटपलं का?”

आतून उत्तर आले नाही.

“अरे, बहिरा झालास का?”

बादलीचा दोर ढिला पडला होता. तिने तो पाहिला आणि मग शिट्टी वाजवली. छाती फुटेपर्यंत वाजवली. हवेचा सिलिंडर पाठीला लावून, मास्क चढवून ती स्वतःच आत उतरली. खाली तो गाळात गुडघ्यांवर बसल्यासारखा कलंडला होता. तिने त्याच्या काखेतून पट्टा घातला, वरून चौघांनी ओढले. श्वास चालू होता.

संध्याकाळी वहिनीने विचारण्याआधीच ती म्हणाली, “सापडला.”

वहिनी जवळ येऊन बसली. “खरंच गं? आता सुटत नाही ना?”

“त्याच्याच तोंडून आहे सगळं.”

वहिनीने मोबाइल घेऊन ते चित्रण तीनदा पाहिले. ‘उतरवलास ते बरं केलंस’ या वाक्यावर प्रत्येक वेळी तिने डोळे मिटले. मग फोटो उघडले. फोटोंवर वेळ होती. वहिनीने ती वाचली, पुन्हा चित्रणाकडे गेली.

“बूट दिसतायत ते दहा बेचाळीसला. शिट्टी एकोणपन्नासला. मधे काय झालं?”

“मधे मी उभी होते. तो यायची वाट बघत.”

वहिनीने मोबाइल पालथा ठेवला. मग अगदी हळू म्हणाली, “तुझ्या दादाच्या वेळी असं कुणी बाहेर उभं असेल का गं?”

दोघी जेवल्या.

चौकशी दोन दिवसांनी झाली. कंत्राटदार घसा साफ करून म्हणाला, “साहेब, माणूस स्वतःच्या मर्जीनं उतरला. माझ्या माघारी.” तिने मोबाइल टेबलावर ठेवला आणि त्याचा आवाज त्यालाच ऐकवला. तिच्या डोळ्यांसमोर त्याचा चेहरा राखेसारखा झाला. साहेबांनी तिथल्या तिथे त्याचे नाव बाद केले. अकरा वर्षे तिने हाच क्षण मनात घोळवला होता आणि तो मनात होता तसाच, तंतोतंत घडला.

मग तिने दुसरा कागद पुढे केला. त्यावर सात मिनिटांचे सगळे लिहिले होते.

“हे कशाला?” कागद मोठ्याने वाचून साहेब वैतागले. “कुणी विचारलंय तुम्हाला?”

“घडलंय ते लिहिलंय.”

कंत्राटदाराने मान वर केली. तीन वर्षांत पहिल्यांदा त्याने तिच्याकडे नीट पाहिले. “म्हणजे माणूस आत होता आणि तुम्ही बघत उभ्या होतात? माझ्यासाठी? बाई, कोण तुम्ही?”

तिने दादाचे नाव सांगितले. कारखाना, वर्ष, महिना सांगितला.

तो कपाळाला आठ्या घालून आठवू लागला. अगदी मनापासून आठवू लागला. “कुठला हो?” तो शेवटी म्हणाला. “तसे दोघं-तिघं झाले माझ्याकडे.”

तिला फेरीच्या कामावरून काढले आणि सामानाच्या कोठारात बसवले. हेल्मेट, हातमोजे मोजून द्यायचे. तिने तक्रार केली नाही.

रविवारी ती इस्पितळात गेली. तो कामगार उशीला टेकून बसला होता. त्याचे हात मांडीवर थरथरत होते. डॉक्टर म्हणत होते की ही थरथर थांबेल, कदाचित थांबणारही नाही. त्याच्या बायकोने तिला पाहताच स्वतःची खुर्ची दिली आणि तिचे दोन्ही हात धरले. “तुम्ही आत उतरलात म्हणून माझा माणूस मला दिसतोय.”

“आधी ऐकून घ्या,” ती म्हणाली आणि तिने सगळे सांगितले. दादाचे सांगितले नाही. ते सांगितले असते तर बाजू मांडल्यासारखे झाले असते.

बायकोची पकड सैल झाली. तो मात्र दचकला नाही.

“मला ठाऊक होतं,” तो म्हणाला. “उतरायच्या आधी वर बघितलं होतं मी. पुलावर तुम्ही दिसलात. ब्लोअर बंद आहे, मनात शंका आली होती. मग म्हटलं, शिट्टीबाई बघतायत आणि काही म्हणत नाहीत, म्हणजे टाकी ठीक असणार.”

त्याच्या आवाजात राग नव्हता. वाट विचारणाऱ्याला वाट सांगावी, तसे त्याने सांगितले.

त्याला खोकल्याची उबळ आली आणि त्याने पाण्याकडे खूण केली. पेला तिच्याजवळच होता. तिने तो उचलला, त्याच्या ओठांपर्यंत नेला. इतक्यात त्याची बायको पलंगाला वळसा घालून आली. तिने तो पेला शिट्टीबाईच्या हातातून काढून घेतला आणि एका हाताने नवऱ्याची मान सावरत त्याला घोट घोट पाणी पाजू लागली.

ती खुर्चीवरून उठली आणि त्यांना जागा करून देत भिंतीला टेकून उभी राहिली.