त्रासाचा तक्ता

चाळिशीला टेकलेल्या माणसाला घरात ‘बाळ’ म्हणतात, यात हसण्यासारखं काही नाही. त्याला बोलता येत नव्हतं, बुटाची नाडी बांधता येत नव्हती, आणि आपलं कुठे दुखतंय हे दाखवता येत नव्हतं. वजन मात्र नव्वद किलो. अशाला बाळ म्हणायला आईचंच काळीज लागतं, आणि ते तिच्याकडे होतं. नको इतकं होतं.

आई सत्तरीला आलेली. अभिमानानं सांगावं असं तिच्याकडे फार काही नव्हतं. एकच गोष्ट होती, बाळचे दात. सकाळ-संध्याकाळ, एकही दिवस न चुकता तीच घासायची. स्वयंपाकघरातल्या लाकडी खुर्चीवर त्याला बसवायचं, आपण मागे उभं राहायचं, त्याचं डोकं पोटाशी टेकवून घ्यायचं, डाव्या हाताच्या बोटानं ओठ वर करायचा आणि एक ते वीस आकडे म्हणत ब्रश फिरवायचा. दुसऱ्या कुणाला तो तोंडाजवळ हात आणू देत नसे. दर रविवारी येणाऱ्या धाकट्या मुलीनं एकदा प्रयत्न केला, तर तिच्या बोटाला चावला. आई वरवर त्याच्यावर रागावली. आतून मात्र सुखावली, आणि हे तिनं मेली तरी कबूल केलं नसतं.

भीतीही तिची एकच होती, आणि तीही जुनी. बाळ दहा वर्षांचा असताना एका कचेरीत टेबलामागच्या माणसानं तिला अगदी आपुलकीनं विचारलं होतं, “बाई, झेपतंय का तुम्हाला?” चार रात्रींची झोप नव्हती. ती रडली, आणि “नाही हो झेपत” म्हणाली. माणूस मोठा भला. त्यानं पाण्याचा पेला पुढे केला, काहीतरी लिहिलं, आणि पंधरा दिवसांत बाळला संस्थेत न्यायला गाडी दाराशी उभी राहिली. नवरा तेव्हा हयात होता. दहा ठिकाणी दातांच्या कण्या करून त्यानं सत्तर दिवसांनी पोराला परत आणलं, तेव्हा त्याचं डोकं भादरलेलं होतं, आणि कुणी जवळ आलं की तो अंग चोरायचा. त्या दिवशी तिनं कानाला खडा लावला. यापुढे कुठल्याही टेबलापुढे उत्तर एकच: काही त्रास नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तीस वर्षं ती मूठ तिनं उघडली नाही. त्या मुठीत काय काय मावलं म्हणून सांगू! फुटलेल्या काचा, न झोपलेल्या रात्री, तिच्या स्वतःच्या दंडावरचे वळ. विचारणाऱ्याला ती हसून म्हणायची, “माझा बाळ म्हणजे गरीब गाय.”

मग बाळ डाव्या जबड्यावर मूठ मारायला लागला. दुधात बुडवलेल्या पावाखेरीज काही खाईना. मुलगी म्हणाली, “आई, त्याचा दात दुखतोय.”

“दात? त्याचे? अगं, तुझ्यापेक्षा चांगले आहेत.”

“मग मारून का घेतो?”

“सवय लागलीय. जाईल.”

मुलीनं तिचं ऐकलं नाही. वाचनालयाच्या मागे दोन खोल्यांत दातांचा एक दवाखाना होता, खास बाळसारख्यांसाठीच. तिथे तिनं त्याचं नाव घातलं.

दवाखाना चांगला होता, हे मुद्दाम सांगायला हवं. वाईट माणसांनी वाईट केलं असतं तर आईला निदान शिव्या द्यायला कुणीतरी मिळालं असतं. इथे कुणी घाई करत नसे. पहिल्या भेटीत बाळनं फक्त दारापर्यंत यायचं. दुसऱ्या भेटीत खुर्चीला हात लावायचा. तिसऱ्या भेटीत छोटा आरसा त्याच्याच हातात. या भेटींना ते ‘सवयीच्या भेटी’ म्हणत. सिस्टर जाडजूड, सावकाश बोलणारी. ती बाळशी बोलायची, आईशी नव्हे, आणि आईला हे जरा खटकायचं. चौथ्या भेटीत त्यानं डॉक्टरीणबाईंना ओठ वर करू दिला. समोरचे सहा दात दिसले. पुढे बोट सरकताच तोंड गच्च बंद.

“समोरचे फारच सुंदर ठेवलेत हो,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “कोण घासतं?”

“मीच,” आई म्हणाली. ते कौतुक तिला आठ दिवस पुरलं.

समोरचे सुंदर होतेच. गेली तीन-चार वर्षं आईची बोटं वाकडी झाली होती, ब्रश आत मागपर्यंत वळत नव्हता, त्यामुळे वीसच्या वीस आकडे समोरच्याच दातांवर संपत होते. हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण दिसतं ते स्वच्छ असलं की माणूस न दिसणाऱ्याबद्दल स्वतःची समजूत घालतो, तशी तिनं घातली.

मागचं बघायला मोठ्या रुग्णालयात गुंगी देऊन तपासावं लागणार होतं. दवाखान्याचा दिवस तिथे आठवड्यातून एक, गुरुवार, आणि रांग वर्षभराची. कुणाला आधी घ्यायचं हे कसं ठरवणार? रोग्याला बोलता येत नाही. म्हणून त्यांनी एक तक्ता केला होता: दहा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, आणि उत्तर देणार घरातलं माणूस. पंधराच्या वर गुण झाले की पुढच्याच गुरुवारी नंबर. त्याला त्रासाचा तक्ता म्हणायचे. ज्यानं कुणी तो केला त्यानं सगळ्याचा विचार केला होता, एक सोडून. घरातलं माणूस घाबरलेलं असू शकतं.

तो बुधवार होता, मुलगी कामावर. सिस्टर कागद घेऊन आईसमोर बसली. मध्ये टेबल होतं.

“मावशी, रात्री झोपतो का?”

“झोपतो की.”

“जेवण?”

“पोटभर.”

“स्वतःला मारून घेतो का?”

“छे हो!”

सिस्टरनं बाळच्या गालाकडे पाहिलं. तिथे निळं-पिवळं झालं होतं. “हे?”

“दाराची कड लागली.”

सिस्टरनं पेन खाली ठेवलं. “मावशी, इथे जास्त सांगितलं तरी कुणी काही म्हणत नाही. उलट जास्त सांगितलं तर नंबर लवकर लागतो. घासताना आरडाओरडा करतो का? तुम्हाला आवरतो ना?”

“तुम्हाला आवरतो ना.” एवढं बोलायला नको होतं बिचारीनं. तीस वर्षांपूर्वीचा तो पाण्याचा पेलाच आईला समोर दिसला. ती ताठ बसली, पदराचं टोक सारखं केलं आणि हसली. “माझ्या हाताला सवय आहे त्याच्या. काही त्रास नाही, अगदी काही नाही.”

बेरीज झाली. चार. सिस्टरनं ती पुन्हा एकदा केली, चारच आली. रविवारी मुलीनं विचारलं, “काय काय विचारलं गं?” आई म्हणाली, “नेहमीचंच.” पोटच्या पोरीलाही तिनं ताकास तूर लागू दिली नाही.

पुढचे अकरा महिने बाळचं जे चाललं होतं त्याला तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, आणि तोंड दाबणारी त्याची आईच होती. सकाळी खुर्ची ओढल्याचा आवाज आला की तो घराच्या दुसऱ्या टोकाला पळायचा. ती त्याला धरून आणायची. डोकं पोटाशी आवळायची. ब्रश डाव्या बाजूला गेला की तो गुरासारखा ओरडायचा आणि ती आकडे आणखी मोठ्यानं म्हणायची. पुढे पुढे ती त्याची मनगटं टॉवेलनं बांधायला लागली. एकदा थोबाडीतही मारली, डाव्याच गालावर. मग रडली, त्याला जवळ घेतलं, आणि संध्याकाळी पुन्हा खुर्ची ओढली. दात घासायचे चुकवून कसं चालेल? लोकांनी म्हटलं असतं, हिला आता होत नाही.

बाराव्या महिन्यात एका सकाळी बाळचा डावा डोळा उघडेना. गाल गळ्यापर्यंत सुजला होता, अंग तव्यासारखं तापलं होतं. शेजाऱ्यानं गाडी काढली. मुलगी कामावरून थेट रुग्णालयात आली. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईही धावत आल्या, आणि दुपारपर्यंत बाळला आत घेतलं.

नऊ दात काढले, सगळे मागचे. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर टोपीचा वळ होता. त्या दोघींसमोर बसल्या.

“जिवावरचं टळलं,” त्या म्हणाल्या. “पण हाडापर्यंत पू गेला होता. हे आठ-पंधरा दिवसांचं नाही. दीड-दोन वर्षं तरी हा माणूस ठणकत असणार, रात्रंदिवस.”

मुलगी म्हणाली, “मग तुम्ही वर्षभर थांबवलंत कसं?”

डॉक्टरीणबाईंनी फाइल उघडली आणि तक्ता तिच्यापुढे ठेवला. मुलीनं तो वाचला. मग पर्समधून पेन काढून, प्रत्येक प्रश्नावर बोट ठेवत, तिनं समासात आपले आकडे मांडले. तेवीस झाले. पेन तिनं पुन्हा पर्समध्ये ठेवलं आणि आईकडे बघितलंच नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ. बोलणार काय आणि कुणाला?

असं दुखणं मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात. बाळचं तसं झालं नाही. पाचव्या दिवशी तो रात्रभर झोपला. आठव्या दिवशी हात जबड्याकडे जायचा थांबला. दहाव्या दिवशी तो खिडकीशी बसून गुणगुणत होता. कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता असा तो हुंकार होता, वरखाली होणारा, मजेतला. आता रजा काढून घरीच राहिलेली मुलगी ते ऐकून हसली. आई मात्र उठून मोरीत गेली आणि नळ सोडून उभी राहिली. पोरगं बरं झालं याचं तिला सुख व्हायला हवं होतं, आणि झालंही. पण तो जितका शांत होत होता, तितकं तिला कळत होतं की ज्याला ती हट्ट म्हणाली, मस्ती म्हणाली, ते सगळं काय होतं. तो आजारी असताना तिला निदान शंका घ्यायला जागा होती. आता तीही उरली नाही.

अकराव्या दिवशी तिनं सवयीनं खुर्ची ओढली. बाळचा हुंकार तिथल्या तिथे तुटला. तो भिंतीला पाठ लावून सरकत सरकत कोपऱ्यात गेला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून बसला. ती “एक, दोन” म्हणाली तसं त्याला कापरं भरलं. ब्रश ओट्यावर ठेवून ती परत फिरली.

जखमा धुवायला त्याला एक दिवसाआड दवाखान्यात न्यायचं होतं. पहिल्या दिवशी त्यानं ओठ मिटले ते मिटलेच. सिस्टरनं थोडा वेळ वाट पाहिली, मग खालच्या आवाजात म्हणाली, “मावशी, राग मानू नका. तुम्ही जरा बाहेर बसाल?”

ती बाहेर बसली. दार अर्धवट उघडं होतं. सिस्टर मुलीला दाखवत होती, ब्रश कसा तिरका धरायचा, गाल आतून कसा ओढायचा, समोर बसायचं, मागे नाही, त्याला आपला चेहरा दिसला पाहिजे. पाण्याची बारीक धार सुरू झाली. बाळ ओरडला नाही. थोड्या वेळानं सिस्टर म्हणाली, “वा, केवढं मोठं तोंड उघडलंय बघा!” आणि बाळ गुणगुणला.

मुलगी टॉवेल घ्यायला बाहेर आली. पिशवी आईच्या मांडीवर होती. तिनं टॉवेल काढला, पण गेली नाही.

“आई, एक विचारू? तो एवढा ओरडायचा, तेव्हा तुला वाटायचं तरी काय?”

तीस वर्षांत पहिल्यांदाच, विचारलेल्या प्रश्नाचं आईनं खरं उत्तर दिलं.

“वाटायचं, शेजारी ऐकतील.”

आतून सिस्टरनं मुलीला हाक मारली, ती गेली, आणि जाताना तिनं दार लावून घेतलं.