पहिली आणि दुसरी

दोघींना ही नावं छापखानेवाल्या काकांनी दिली होती. एक ठेंगणी, म्हणून पहिली वेलांटी. तिची मैत्रीण वीतभर उंच, म्हणून दुसरी. शाळेच्या वार्षिक अंकाची प्रुफं तपासायला दोघी तीन वर्षं येत होत्या. पहिलीनं मूळ लेख विरामचिन्हं आणि वेलांट्यांसकट मोठ्यानं वाचायचा, दुसरीनं छापील कागदावर लाल पेन धरून नजर ठेवायची. त्या नजरेतून काही सुटत नसे. एकदा खुद्द मुख्याध्यापिकांची सूचना तिनं ‘परिक्षा’भोवती लाल गोल काढून परत पाठवली होती. बाईंनी कपाळाला हात लावला, पण सूचना पुन्हा छापून घेतली.

यंदा दुसरी दीड महिना शाळेत नव्हती. आधी अंथरुणातून उठेना, मग जेवेना. डॉक्टरीणबाईंनी नैराश्य असल्याचं सांगून गोळ्या सुरू केल्या. हळूहळू ती माणसांत आली. मग एक दिवस पहिलीला म्हणाली, "गोळ्या बंद केल्यात मी. शपथ आहे तुला, आईला सांगितलंस तर आपली दोस्ती संपली."

पहिलीनं तोंडाला कुलूप लावलं.

आज छापखान्यात ती वाचत होती. "परीक्षा, री दुसरी, आणि आपण, उद्गारचिन्ह." लेख संपला तशी दुसरीनं पानाखाली ‘तपासले’ लिहून सही ठोकली. पहिलीनं सहज पान पाहिलं. मथळ्यात अंगठ्याएवढ्या अक्षरांत छापलं होतं, ‘परिक्षा आणि आपण!’

"मथळा बघ."

दुसरी बघतच राहिली. "दिसलंच नाही गं. चार दिवस असंच चाललंय. वाचते, पण आत काही जात नाही. झोपही नाही."

"गोळ्या बंद केल्या म्हणून."

"तू कधीपासून डॉक्टर झालीस?"

"नाही ना झाले! म्हणून तर तुझ्या आईला फोन करतेय."

"शपथ घातलीय तुला."

"मोडली. आत्ताच."

"चुगलखोर! पुन्हा तोंड बघणार नाही तुझं."

"नको बघूस." पहिली फोनवर नंबर दाबतच राहिली. "रुसलेली चालशील मला. मागच्यासारखी भिंतीकडे तोंड करून पडलेली नाही चालणार."

"त्या गोळ्यांनी तोंड सुकतं. वर्गात पेंग येते. सगळे हसतात."

"मग तसं डॉक्टरीणबाईंना सांग. त्या बदलून देतील, कमी करतील. परस्पर बंद करणारी तू कोण? काकांनी परस्पर एक ओळ गाळली तर डोक्यावर घेतेस छापखाना!"

पलीकडून काका ओरडले, "माझं नाव कशाला मध्ये?"

दुसरीच्या तोंडून हसू फुटलं आणि पाठोपाठ रडू.

फोन लागला. पहिलीनं खोल श्वास घेतला. "काकू, मी बोलतेय. हिनं गोळ्या बंद केल्यात. दहा-बारा दिवस झाले. मला माहीत होतं, सांगितलं नाही, चुकलंच माझं."

"दे इकडे," दुसरीनं डोळे पुसत फोन ओढला. "धड एक आकडा सांगता येत नाही हिला. आई, चौदा दिवस झाले. मला पुन्हा तसंच व्हायला लागलंय. रागावू नकोस. आजच दवाखान्यात जाऊ या?" तिनं पलीकडचं ऐकलं, मान हलवली. "हो, छापखान्यातच आहे. एकटी नाही, ही आहे ना."