जन्मभर पुसणारा पेन

मी पेन बोलतोय. शाई शोधू नका, ती माझ्यात कधीच नव्हती. एका पातळ काळ्या पाटीवर मला फिरवलं की समोरच्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर माणसांचे चेहरे साफ होतात. लिहिणारे पेन मला आपल्यात धरत नाहीत आणि रंगाचे ब्रश ओळख दाखवत नाहीत. असो, माझं काही अडलं नाही.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. जाग आली ती एका फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत. ओढलेले पडदे, मंद उजेड, आणि मला धरणारा एक गारसा हात. तो फोटोग्राफरच्या धाकट्या लेकीचा. तिशी उलटली तरी सगळे तिला छोटीच म्हणत.

चेहरा मोठा करून पाहिला की त्याचा चेहरा राहतच नाही हो! उन्हातली टेकडी वाटते. बारीक छिद्रं, मऊ लव, मध्येच घामाची चमक. मी त्यावरून तरंगत फिरायचो. इथली जराशी कातडी उचलायची, तिथल्या डागावर अलगद पसरायची. दिवस कसा सरायचा कळायचंही नाही. छोटीच्या बाबांचा मात्र दंडक होता. "पुळी म्हणजे पाहुणी, तिला जाऊ दे. तीळ, व्रण घरचे, त्यांना हात लावायचा नाही. आणि छिद्रं बुजवलीस तर माणूस मेणाचा होईल, सांगून ठेवतो."

लोकही काय गमतीचे! "काही करू नका हं, आहे तस्संच ठेवा," म्हणायचे, आणि दारातून मागे वळून हळूच, "ते डोळ्यांखालचं तेवढं बघा."

एकदा एक मुलगी फोटो काढून गेली. नोकरीसाठी परदेशी निघाली होती, काही वर्षं तरी येणार नव्हती. आईजवळ ठेवायला मोठा फोटो हवा होता. तिच्या हनुवटीवर एक ठिपका होता. फोटो काढताना उजेड खालून पडला होता, त्यामुळे खळगा असूनही तो फुगीर दिसला. छोटीला वाटलं, पुळी. मलाही तेच वाटलं, खोटं कशाला बोलू? एका फटक्यात पुसला. वर घाईघाईत मूळ फोटोवरच सेव्ह केला, आणि कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं करून दुसऱ्या कामाला लावलं.

मुलगी विमानात बसली आणि तिची आई फोटो न्यायला आली. स्क्रीनजवळ वाकली आणि मुलीच्या हनुवटीशी थांबली.

"सुंदर आहे गं. पण ही माझी नाही."

तेव्हा छोटीला कळलं, पुसलेली ती पुळी नव्हती, घरचा व्रण होता. तो परत काढायला त्या मावशींच्या फोनमधले मुलीचे फोटो पाहिले, तर फोनने आपणहून प्रत्येक गाल, प्रत्येक हनुवटी गुळगुळीत करून ठेवलेली! "मावशी, ती पोचली की नवा फोटो मागवू या?"

"कशाला? मी आहे ना." मावशी खुर्ची ओढून बसल्या. "लहानपणी कांजण्या आल्या होत्या तिला. खाजवू नये म्हणून मी तिचे हात धरून बसायचे. जरा माझा डोळा लागला, तेवढ्यात कार्टीने डाव साधला." त्या हसल्या. मग डोळे मिटून त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "इथे. नाही, किंचित खाली. हां."

छोटीने मला नेमकं तिथे टेकवलं. एकीकडे सावली, दुसरीकडे उजेडाची बारीक कड. सगळा जन्म पुसण्यात गेला, आणि आता मला एक खळगा खणायचा होता! मला घाम फुटत असता तर नक्की फुटला असता.

"अजून खोल," मावशी म्हणाल्या. "चांगलं दाबून खाजवलं होतं तिने."

आणि एकाएकी स्क्रीनवर ती मुलगी आली. दुसरं काय म्हणू? मावशींच्या डोळ्यांना धार लागली. त्या स्क्रीनलाच म्हणाल्या, "पोचलीस की फोन कर गं."

आता माझं टोक झिजलंय. एक बटण दाबलं की ढीगभर चेहरे एकदम उजळतात, मग मला कोण विचारतो? खणात अर्धवट झोपेत पडून असतो. राग नाही हो कुणावर. एवढंच मागणं आहे, कुणाचा फोटो साफ करायला बसलात तर हात जरा आवरा. तुम्हाला डाग वाटेल त्यावर घरी कुणीतरी डोळे मिटूनही नेमकं बोट ठेवत असेल.