वाकडं पाणी

कमलाकांत सरांनी आयुष्यभर भूमिती शिकवली. कुणाच्याही घरी गेले आणि भिंतीवरची तसबीर कलती दिसली, की चहा येण्याआधी उठून ती सरळ करायचे. म्हणूनच त्यांच्या कॅमेऱ्यातले मागच्या उन्हाळ्यापासूनचे फोटो पाहताना त्यांच्या लेकीला, मैथिलीला, काही सुचेना. छत्री तलावाचं पाणी एका अंगाला ओघळून चालल्यासारखं दिसत होतं. वडाळीच्या बागेतला बाक चढावर ठेवल्यासारखा. मधेच एखादा फोटो अगदी ओळंब्यात, आणि लगेच पुढचा पुन्हा कललेला.

सर दिवाळीनंतर गेले. दाढी करता करता खाली बसले ते उठलेच नाहीत. मेंदूत रक्तस्राव, असं डॉक्टर म्हणाले. दसऱ्याला ते अकोल्याला लेकीकडे चार दिवस राहून गेले होते. मैथिली तिथे कॉलेजात ग्रंथपाल. तिला त्या चार दिवसांतलं पुन्हा पुन्हा आठवायचं, आणि आठवूनही काही हाती लागायचं नाही. त्यांनी भाजीत मीठ जास्त घातलं होतं का? जिना उतरताना कठडा धरला होता का? तिने वाचायचं तेवढं वाचलं होतं. वाचून एवढंच कळलं होतं, की अशा दुखण्याची चाहूल कधी कधी आधी लागते आणि कधी कधी लागत नाही.

शेवटी तिने अकोल्यातल्या मेंदूच्या डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतली. कॅमेराच त्यांच्यापुढे ठेवायचा, असं ठरवलं. हे कललेले फोटो म्हणजे ती चाहूल होती का, याला ते ‘हो’ म्हणाले तर पुढे काय, याचा विचार मात्र केला नाही.

त्याआधीच्या रविवारी ती अकोल्याहून आली आणि कॅमेरा घेऊन सकाळीच छत्री तलावावर गेली. सरांची फोटोवाली मंडळी दर रविवारी तिथे जमायची. त्यांतल्या कुणाच्या काही ध्यानात आलं होतं का, एवढंच तिला विचारायचं होतं.

“काहून वं माय, एकटीच आली? आईले नाई आणलं?” किसनरावांनी लांबूनच आवाज दिला. संत्र्याची बाग मुलाच्या ताब्यात देऊन ते शहरात राहायला आले होते आणि आता शेजाऱ्यांच्या कोंबड्यांचेसुद्धा फोटो काढत होते. पायरीवर भगवंतकाका डबा उघडून बसले होते. हे बँकेतून निवृत्त झालेले. शेजारी जमुनाबाई. त्या बालवाडी चालवायच्या.

“ये पोरी, गिला वडा खाय आधी,” जमुनाबाई म्हणाल्या. “भगवंताच्या हाती डबा लागला का मंग दहीच उरते.”

“तुमी बोलू नका. मागच्या रविवारी कोणं चाटला डबा?” भगवंतकाकांनी त्यांच्याच बोलीत परतवलं.

मैथिली बसली, पण वड्याला हात लावला नाही. किसनरावांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून पायरीवर पसरला. भगवंतकाकांनी त्यावर आपला भलामोठा कॅमेरा ठेवला, जमुनाबाईंनी आपला जुना, किसनरावांनी आपला.

“ठेव तुह्या बाबाचाबी,” किसनराव म्हणाले.

“इथे? कशाला?”

“म्हंजे? तुले सरांनं सांगतलंच नाई?”

मग तिघंही एकदम सांगू लागले. मागच्या उन्हाळ्यात भगवंतानं निवृत्तीच्या पैशातून मोठा कॅमेरा घेतला आणि मंडळीत रुसवेफुगवे सुरू झाले. तेव्हा सरांनीच हा नियम काढला. सगळ्यांचे कॅमेरे दुपट्ट्यावर ठेवायचे, डोळे मिटून एकेक उचलायचा, आणि दिवसभर तोच वापरायचा. घरी जाताना ज्याचा त्याने आपापला न्यायचा. कोणता फोटो कोणी काढला हे विचारायचं नाही.

मैथिलीने कॅमेरा छातीशी धरला होता तो तसाच राहिला.

“म्हणजे यातले फोटो बाबांचे नाहीत?”

“असतीनबी,” किसनराव म्हणाले. “कधी त्याचाच त्याले आला असन.”

“मग बाबांनी काढलेले कुठे आहेत?”

“आमच्याकडे होते,” भगवंतकाका हळू आवाजात म्हणाले. “कार्ड भरलं की आम्ही पुसून टाकतो, बाई.”

इतके महिने ती ज्या फोटोंतून वडिलांचे डोळे शोधत होती, ते कुणाचे डोळे होते हे सांगायला आता कुणीच नव्हतं. उद्या डॉक्टरांपुढे काय ठेवायचं? तिला वाटलं, हायसं वाटायला हवं. तसं वाटेना. राग यायला हवा होता, तोही येईना.

“कावून वं, काय झालं?” जमुनाबाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

तेव्हा ती बोलली. वाकडं पाणी, वाकडा बाक, उद्याचे डॉक्टर, सगळं. “दसऱ्याला ते माझ्याकडे होते. त्यांना वाकडं दिसत होतं का, हे मला कळायला हवं होतं का?”

भगवंतकाकांनी डब्याचं झाकण लावलं. मग किसनरावांनी हात पुढे केला. “दाखव बरं.”

मैथिलीने कॅमेरा सुरू केला. कललेला तलाव आला.

“हा माहा,” किसनराव म्हणाले. “डावा गुडघा दुखते मले. एकाच पायावर जोर देतो.”

कललेला बाक.

“हा माझा,” भगवंतकाका म्हणाले. “चष्मा काढून काढला होता.”

कललेला पळस. त्याच्यामागे दोन शेळ्या.

“माहा,” जमुनाबाई म्हणाल्या.

“माहा,” किसनरावही त्याच वेळी म्हणाले.

मैथिलीने वर पाहिलं. किसनराव तलावाकडे बघत होते.

“दोघांचा कसा असेल, काका?”

“तिनं धरला, म्या दाबला,” किसनराव म्हणाले.

“हाव,” जमुनाबाई म्हणाल्या. “लय जड आहे थो कॅमेरा.”

कॅमेरा तळहातात मावण्याएवढा होता. मैथिलीच्या तोंडून हसू निघालं, आणि ते हसू होतं की दुसरं काही, हे तिचं तिलाच नीट कळलं नाही. ही माणसं खरं सांगताहेत का? निदान एखाद्या फोटोबद्दल तरी? विचारावं असं वाटलं. तिने बोटाने पुढचा फोटो आणला. वाकडा. भगवंतकाकांनी तो आपल्या नावावर घेतला. त्याच्या पुढचा किसनरावांनी.

मग एक सरळ फोटो आला. संध्याकाळचा तलाव, पाण्याची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्टीने आखावी तशी.

तिने कॅमेरा तिघांपुढे धरला आणि वाट पाहिली.

त्यावर कुणीच हक्क सांगितला नाही.