फोटोतली चावी

चाव्या करण्यात हयात गेलेल्या बाईला चावी दुरूनही वाचता येते. म्हणून लेकीने कौतुकाने फोन पुढे धरला, तेव्हा चावीवाल्या मावशीला नव्या घराचं दार दिसलंच नाही. दिसली ती लेकीच्या बोटांत मिरवणारी चावी. पाच दात, दुसरा खोल.

"काढून टाक हा फोटो. यावरून कोणीही चावी करील."

"काहीतरीच, आई! चारशे लोकांनी अभिनंदन केलंय."

"चारशे? त्यातल्या कितींच्या घरचं पाणी प्यायलीस?"

"तुला सगळं जग चोरच दिसतं."

"मग बस मिरवत. कुलूप बदलायचं झालं की ये माझ्या पायरीशी. मी आपणहून यायची नाही."

नवं कुलूप मावशीने त्याच दिवशी काढून ठेवलं. पण शब्द म्हणजे शब्द. आठ दिवस कुलूप खणात पडून राहिलं. लेकही फिरकली नाही. मावशीच्याच पोटची ती, वाकेल कशाला?

नवव्या दिवशी भर दुपारी दुकानाशी एक गृहस्थ आला. स्वच्छ पांढरा शर्ट, बोलणं लोण्यासारखं.

"मावशी, बायकोची चावी आहे. जरा अडकते, घासून द्याल?"

मावशीने चावी हातात घेतली. कोरी, ओबडधोबड कापलेली. पाच दात, दुसरा खोल. चेहऱ्यावर तिने काही दिसू दिलं नाही.

"कशावरून केली?"

"फोटोवरून. पलीकडच्या गल्लीतल्याने दिली करून." त्याने फोन दाखवला. फोटोतला चेहरा कापून टाकला होता. उरली होती चावी आणि ती धरलेली बोटं. अंगठ्यावर आडवा व्रण. लहानपणी याच दुकानात कानस लागून झालेला.

"अडकते, हे कधी कळलं?"

"आत्ताच लावून पाहिली ना. ती तापाने झोपलीय, म्हटलं उगाच खडखड नको."

मावशीने यंत्र सुरू केलं आणि चावी चाकावर अशी दाबली, की पाचही दात भुईसपाट झाले.

तो चिडला नाही. हसला. "असू द्या. मी दोन करून घेतल्यात. तुमच्या हाताचं लेकीने किती कौतुक लिहिलंय, म्हणून म्हटलं, बघावं."

मावशीने यंत्र बंद करेपर्यंत तो रस्त्याला लागलाही होता. तिने लेकीला फोन लावला.

"आई?" लेकीचा आवाज तापाने जड झाला होता. "मघाशी दाराशी तूच होतीस ना? मला वाटलंच, राग गेला तुझा."

"मी नव्हते! ताप आल्याचं कोणाला सांगितलंस?"

"सगळ्यांनाच. सकाळी फोटो टाकला की."

"ऊठ! कपाट ढकल दाराला. शेजाऱ्यांना हाका मार. मी येतेय."

खणातलं कुलूप घेऊन, दुकान तसंच उघडं टाकून मावशी धावत सुटली. पुढे, लेकीच्या घराकडे जाणाऱ्या वळणावर, पांढरा शर्ट क्षणभर दिसला आणि आत वळला. त्याला कसलीच घाई नव्हती.