कापलेलं कुठे जातं?

भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावरून अक्षरं नाहीशी झाली आणि खच्चून भरलेल्या त्या खोलीने एकदम श्वास रोखला.

"गेलं!" बाबा हलकेच म्हणाले. "कापलं की कर्म सुटलं. आता चिकटवलं की कृपा उतरली. दाबा काका, बिनधास्त दाबा. वरची मंडळी खोळंबलीयत."

निवृत्त बसचालक काकांनी आयुष्यभर स्टिअरिंग धरलेल्या बोटांनी कीबोर्डच्या दोन कळा दाबल्या. आत्ता त्यांनी टाइप करून कट केलं होतं ते गेलेल्या बायकोचं नाव. पेस्ट केल्यावर ते नाव काही आलं नाही. आलं ते हे: 'अहो, मी इथे बरी आहे. गुडघ्याला शेक घेत जा. माझ्यावर चिडून ड्युटीवर गेलात, त्या सकाळचं मी मनात ठेवलेलं नाही.'

काका वळले. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. "त्या सकाळचं... ते फक्त तिला आणि मला ठाऊक हो!"

खोलीभर हुंदके उठले. मागच्या रांगेत थोरल्या जाऊबाईंनी पदराने डोळे पुसले आणि शेजारी बसलेल्या धाकट्या जावेला कोपर मारलं. "बघितलंस? आणि तू नाकं मुरडत होतीस."

धाकटी टायपिंगचा क्लास चालवायची, म्हणून घरीदारी सगळे तिला मास्तरीणबाईच म्हणत. रोज सकाळी जप पुरा झाल्याशिवाय पाण्याचा थेंब तोंडात न घेणारी ही बाई आवाज चढवून बोललेली कुणी ऐकली नव्हती. ती फक्त टेबलाकडे बघत होती. कॉम्प्युटर होता, कीबोर्ड होता, धूप होता. माउस मात्र नव्हता.

बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानावरची ही खोली. लोक बाबांना पडदेबाबा म्हणत. त्यांच्याकडे दोन वार असायचे, एक देण्याचा, एक घेण्याचा. देण्याच्या दिवशी एकट्याने आडोशाला त्याच कॉम्प्युटरपुढे बसायचं, गेलेल्या माणसाशी बोलावं तसं मनातलं सगळं टाइप करायचं, आणि कट करायचं. पान कोरं. कुणी वाचलं नाही, कुठे उरलं नाही. मग घेण्याच्या दिवशी टोकनच्या क्रमाने उत्तर.

"माउस का नाही?" एकदा कुणीतरी विचारलं होतं.

"माउस म्हणजे मायेचा हात," बाबा म्हणाले होते. "इकडे धाव, तिकडे धाव. भक्ताला दोन कळा पुरेत." लोकांनी माना डोलावल्या होत्या.

आता जाऊबाईंचं टोकन लागलं. त्यांचा थोरला मुलगा मागल्या वर्षी मोटरसायकलच्या अपघातात गेला. त्यांनी त्याचं नाव लिहिलं, कापलं, चिकटवलं.

'आई, रडू नकोस. चिमणीच्या गोळ्या बंद कर. त्या गोळ्यांच्या गुंगीमुळे माझा आवाज तिच्यापर्यंत पोचत नाही. तिला मी सांभाळीन.'

चिमणी म्हणजे त्यांची धाकटी लेक. तिला फिट्स येत. गोळ्या चालू झाल्यापासून मात्र एकही आली नव्हती.



घरी पोचताच जाऊबाईंनी गोळ्यांची पाकिटं कचऱ्याच्या डब्यात टाकली. मास्तरीणबाईंनी ती बाहेर काढली. जाऊबाईंनी ती हिसकावली, गोळ्या सोलून काढल्या आणि सिंकच्या नळाखाली धरल्या, विरघळून जाईपर्यंत.

"ताई, डॉक्टरांना एकदा विचारून..."

"डॉक्टरांनी माझा मुलगा वाचवला का? मला शिकवू नकोस. गोळ्यांबद्दल मी जिवंत माणसाला अवाक्षर बोलले नव्हते. लिहिलं आणि कापलं. मग त्याला कसं कळलं, सांग ना!"

जाऊबाईंचे यजमान वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसले होते. पान काही उलटत नव्हतं.

"तुला मूलबाळ नाही," जाऊबाई दारातून म्हणाल्या. "तुला काय कळणार."

आठवडा उलटायच्या आत चिमणी फिट येऊन बाथरूममध्ये पडली. नळाच्या तोटीवर कपाळ आपटलं, टाके घालावे लागले. डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या कुणी बंद केल्या?" जाऊबाई शांतपणे म्हणाल्या, "चिमणीचा दादा आमची परीक्षा बघतोय." डॉक्टरांनी नवी चिठ्ठी लिहून दिली. ती जाऊबाईंच्या पर्समध्ये घडी होऊन पडली ती पडलीच.

दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये एका मुलीचा अर्ज दुरुस्त करताना मास्तरीणबाईंनी एक ओळ कापली, खाली चिकटवली आणि त्यांचा हात कीबोर्डवरच थांबला. मागे पोरांनी केलेली टवाळी त्यांना आठवली. बाई काहीही कापून चिकटवायला गेल्या की पडद्यावर यायचं, 'बाई, आज लवकर सोडा.' सगळा वर्ग फिदीफिदी हसत होता. टवाळांनी टाइप करायच्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये जाऊन पेस्टच्या कळांना वेगळंच काम नेमून दिलं होतं. कळ नोकर असते. मालक सांगेल ते करते. बाई तेव्हा स्वतःही हसल्या होत्या.

आज त्यांना हसू आलं नाही.

पुढच्या देण्याच्या दिवशी त्या आडोशाला बसल्या. खोटं लिहायचं म्हणून आधी मनातल्या मनात देवाची क्षमा मागितली. मग लिहिलं, 'ताई, तू विहिरीत पडलीस तेव्हा मी घाबरून पळाले. तुझा पिवळा फ्रॉक अजून दिसतो.' कट केलं. पान कोरं झालं.

घेण्याच्या दिवशी उत्तर आलं, 'छोटे, पळालीस म्हणून तर वाचलीस. इथे विहीर नाही. पिवळा फ्रॉक अजून माझ्याकडे आहे.'

खोली हळहळली. मास्तरीणबाई खुर्चीतून उठल्या नाहीत.

"बाबा, मी आईबापांची एकुलती एक. बहीण नव्हती मला, विहीरही नव्हती."

बाबांनी डोळे मिटले. "मागल्या जन्मातली बहीण, माउली! केवढं हे भाग्य!"

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरोखर वाजवल्या. मास्तरीणबाईंना वाटलं, उठावं आणि निघून जावं. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं? पण समोर कपाळावर पट्टी बांधलेली चिमणी बसली होती.

त्यांनी पर्समधून क्लासमधला माउस काढला आणि वायर जोडली.

"अहो, अहो! मायेचा हात!" बाबा पुढे धावले.

"राहू द्या," चालककाका म्हणाले. "बाई कधी वाकडं बोलत नाहीत. बघू तरी."

मास्तरीणबाईंनी लिहिलं, 'चिमणीला गोळी हवी.' बाबांच्याच कळांनी ते कापलं. मग माउसचं उजवं बटण दाबलं, यादी उघडली, त्यातलं पेस्ट निवडलं. पडद्यावर आलं, 'चिमणीला गोळी हवी.' जसंच्या तसं.

"हे साधं पेस्ट. जे कापाल तेच परत देतं. आता बाबांच्या कळा दाबते."

'सूनबाई, दुकान विकायची घाई करू नकोस. बाबा सांगतील तसं कर.'

पुढचं टोकन हातात धरलेली किराणा दुकानदारीण ताडकन उभी राहिली. "अगं बाई! हे तर माझ्या सासऱ्यांचं! मी अजून बसलेसुद्धा नाही तिथे!"

"उत्तरं आधीच लिहून टोकनच्या क्रमाने लावून ठेवलीयत," मास्तरीणबाई म्हणाल्या. "कळ दाबली की रांगेतलं पुढचं बाहेर येतं. आणि तुम्ही कापता ना, ते कुठे जात नाही. कटच्या कळांना सांगून ठेवलंय, कापलेलं सगळं एका फाइलमध्ये साठव." त्यांनी सेटिंग उघडलं, कट आणि पेस्टच्या दोन्ही ओळी दाखवल्या, मग ती फाइल उघडली.

पहिलंच वाक्य भिंतीवर आलं ते जाऊबाईंचं. 'राजा, त्या गोळ्यांनी ती दिवसभर पेंगते. माझ्याच्याने बघवत नाही. बंद करू का रे?'

मास्तरीणबाईंनी झटकन फाइल मिटली, पण सगळ्यांचं वाचून झालं होतं. जाऊबाईंचंही.

बाबांनी मागच्या दाराकडे पाहिलं. तिथे दुकानदारीण आधीच जाऊन उभी होती. "मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे म्हणतात ते हेच का?" तिने विचारलं. बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. आता कर्मही सुटलं नाही आणि कृपाही उतरली नाही.

गर्दी पांगली. कुणी मास्तरीणबाईंचे आभार मानले नाहीत. एक बाई जाता जाता पुटपुटली, "देव न मानणाऱ्यांचं काम."

"मानते," मास्तरीणबाई म्हणाल्या. "म्हणूनच त्याच्या नावावर दुसऱ्याने लिहिलेलं खपवून घेत नाही."

चालककाका जिन्यात थांबले होते. "बाई, ते त्या सकाळचं... तेवढं एक वाक्य तरी तिचं असेल ना?"

मास्तरीणबाईंनी मान खाली घातली. काका कठडा धरून एकेक पायरी उतरत गेले.

घरी जाऊबाईंनी पर्समधली चिठ्ठी काढून यजमानांच्या हातात दिली. त्यांनी या वेळी वर्तमानपत्र ठेवलं आणि गोळ्या आणल्या. चिमणीने गोळी गिळेपर्यंत जाऊबाई तिच्या हनुवटीखाली हात धरून बसल्या. मग जावेकडे न बघता म्हणाल्या, "तो परत बोलायला लागला होता. तू त्याला दुसऱ्यांदा मारलंस."

"ताई, तो बोलत नव्हता. तुम्हीच विचारत होता आणि तुमचंच तुम्हाला परत मिळत होतं."

"ठाऊक आहे." ग्लास सिंकमध्ये आदळला. "ठाऊक आहे म्हणूनच तुझं तोंड बघवत नाही."

त्या घरात दोन जावांमधलं बोलणं अजूनही कामापुरतंच आहे. चिमणीला मात्र त्यानंतर फिट आलेली नाही.

गेलेल्या माणसासाठी रडावं, त्याच्यासाठी देवापुढे हात जोडावेत. त्यात लाज कसली? पण गोळी चालू ठेवायची की बंद करायची, हे डॉक्टरांना विचारावं. त्याचं उत्तर कुणी पडद्यावर, पाण्यात नाहीतर धुरात दाखवू लागला, तर हात जोडायच्या आधी एवढंच विचारावं: मी तुला दिलेलं तू कुठे ठेवलंस? जो हे विचारू देत नाही, त्याच्या टेबलावरून काय काढून ठेवलंय, ते आधी शोधावं.