अंगठ्यावरचे मेण

ज्या कामातील चुकीचे फळ दुसऱ्याच्या हाताला भोगावे लागते, ते काम शिकणाऱ्याने उतावीळ होऊ नये, असे वडीलधारे नेहमी सांगतात. शिकवणाऱ्याने काही राखून ठेवू नये, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. कारण आपण काही राखले आहे, हे पुष्कळदा त्याला स्वतःलाच ठाऊक नसते.

एल्मा लाहती तळघरातील, काडतुसे पुन्हा भरण्याच्या प्रेसच्या दांड्याला लोंबकळली होती आणि दांडा तसूभरही हलत नव्हता. अडतीस स्पेशल काडतुसाची झाडून रिकामी झालेली पुंगळी डायमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, शिरली होती, ती आत शिरली ती शिरलीच. एल्माने दात आवळून शेवटचा हिसका दिला. कट्‌ असा आवाज झाला, पुंगळीची कड तुटून खाली राहिली आणि उरलेले पितळ डायच्या पोटात घट्ट रुतून बसले.

"तुटली ना?" भिंतीलगतच्या खुर्चीतून तिचे वडील तोइवो म्हणाले.

"दिसतंय ना तुम्हाला, बाबा? मग विचारता कशाला!"

"दांडा असा ओढत नाहीत. गाय दोहतेस का तू?"

एल्माने जवळचा पाना उचलून बाकावर आपटला. गेले कित्येक दिवस हेच चालले होते. शनिवारी गावच्या नेमबाजी मंडळाचा शरद ऋतूतील मेळावा होता. लोखंडाच्या खाणीतून निवृत्त झालेल्या तोइवोंनी त्यात कधी खंड पडू दिला नव्हता. परंतु हिवाळ्यापासून त्यांचे हात कापू लागले होते, आणि पुढच्या वर्षी ते साथ देतील असे डॉक्टरांनीही म्हटले नव्हते. वाळूच्या पिशवीवर मनगटे टेकून सहा गोळ्या झाडण्याची परवानगी मंडळाने आनंदाने दिली होती. अडचण काडतुसांची होती. कापत्या हातांनी ती भरता येत नसल्याने एल्मा ती भरायला शिकत होती. दुसऱ्याने भरलेले काडतूस आपल्या रिव्हॉल्वरमध्ये घालायचे नाही आणि आपण भरलेले दुसऱ्याला द्यायचे नाही, हा तेथील जुन्या मंडळींचा नियम. तोइवोंनी तो इतका ताणला होता की दुकानातले बंद खोकेही त्यांना परक्याच्या हातचे वाटे.

त्यांची स्वतःची डाय वसंतात बर्फ वितळून तळघरात पाणी शिरले तेव्हा गंजून गेली होती. "अगदी माझ्यासारखीच आण," एवढेच ते म्हणाले होते. एल्माने जुन्या सामानाच्या बाजारात हिंडून त्याच घडणीचा डायचा पोलादी संच शोधला. बाबांना आपली वस्तू परत मिळाल्यासारखे वाटेल, ही तिची भाबडी आशा. आता त्या आशेत पितळ अडकले होते.

ती गाडी काढून रुडीच्या बंदुकीच्या सामानाच्या दुकानात गेली. रुडीने डाय उजेडात धरली आणि पोट धरून हसला.

"ताई, ही पोलादाची! मेण न लावता घातलीस?"

"मेण? कसलं मेण?"

"तुझ्या बाबांनी सांगितलं नाही? झाडलेली पुंगळी फुगलेली असते. डाय तिला आवळून मापात आणते. पोलादाला पितळ चिकटतं, म्हणून वंगण लागतंच. नवशिक्यानं कार्बाइडची कठीण, गुळगुळीत कडी असलेला संच घ्यावा. अशा सरळ नळीसारख्या पुंगळीला मग मेणबिण काही नको. पुसून स्वच्छ घाल, झालं."

"आणि गोळी बसवताना शिसं सोलून निघतं, ते?"

"संचातली मधली डाय थोडी खाली घे. पुंगळीचं तोंड किंचित उमलू दे. किंचित हं! कर्णा करू नकोस."

एल्मा कार्बाइडचा संच घेऊन परतली. तोइवोंनी तो पाहिला मात्र, मान फिरवली.

"आळशांची डाय."

"मग मेणाचं का नाही सांगितलं तुम्ही? रुडी माझ्यावर हसला, बाबा! मला वाटलं माझ्याच हातात खोट आहे."

"कसलं मेण? मी कधी मेण लावलं?"

"तुम्हाला शनिवारी जायचंच नाहीये बहुतेक! तसं सांगा तरी. मी उगाच मरतेय इथे."

तोइवो रागाने उठले. थरथरत्या हाताने त्यांनी टोपलीतून एक पुंगळी उचलली, प्रेससमोर उभे राहिले, आणि डावा अंगठा बाकाच्या कडेला, जेथे काहीच नव्हते तेथे, नेऊन घासला. मग तोच अंगठा पुंगळीवरून फिरवला. एल्मा पाहतच राहिली.

"बाबा, हे काय केलंत?"

"काय केलं?"

"अंगठा. तिथे काय असायचं?"

तोइवोंनी बाकाच्या कडेकडे पाहिले. लाकडावर डबीच्या तळाचा फिकट गोल डाग होता. पुराच्या पाण्याने डबी नेली होती. हाताची सवय मात्र तशीच राहिली होती.

"डबी होती," ते हळूच म्हणाले. "मेणाची. अगं, मला वाटायचं मी लावतच नाही."

एल्माला हसू यावे की रडू, हे कळेना. तिने दोन्ही आवरले आणि नवी डाय प्रेसवर चढवली. दांडा लोण्यातून सुरी जावी तसा खाली आला.

"हं," तोइवो म्हणाले. "आळशांची, पण बरी आहे." पुन्हा त्यांचा चेहरा मावळला. "तरी पोरी, ती काडतुसं तुझ्या हातची होणार. मी नाही झाडणार."

तिच्या मनात पुन्हा ठिणगी पडली. पण या वेळी तिने पाना आपटला नाही.

"तुमचे हात काय करत होते, ते तुम्हालाच माहीत नव्हतं, बाबा. मग हातांचा एवढा अभिमान कशाला? दुसऱ्याच्या काडतुसाची भीती का, ते सांगा मला."

"आत काय आहे ते आपण पाहिलेलं नसतं, म्हणून."

"मग पाहा ना!"

तिने बाकीच्या पुंगळ्याही डायमधून काढल्या, काडतुसांच्या पुस्तकातील मापाने त्यांत दारू भरली, त्यांना खुर्चीत बसवून पुंगळ्यांची खाचांची लाकडी पाटी त्यांच्या गुडघ्यांवर ठेवली आणि विजेरी त्यांच्या हाती दिली. उजेड थरथरत होता, नजर स्थिर होती. तोइवोंनी प्रत्येक पुंगळीत डोकावून पाहिले. एकीवर ते थांबले.

"हिच्यात कमी आहे. ओत परत."

खरोखरच कमी होती. एल्माने ती निमूट रिकामी करून पुन्हा भरली. मग त्यांनी मान हलवली तशी तिने एकेक गोळी बसवली. काम संपले तेव्हा जेवणासाठी ठेवलेल्या पास्टी, मांस-बटाटा भरलेल्या करंज्या, गार झाल्या होत्या; बापलेकीने त्या तशाच खाल्ल्या.

"ही माझी आहेत," खोक्यावर हात ठेवून तोइवो म्हणाले, आणि थोड्या वेळाने, "आपली."

त्या कापणाऱ्या हातांना शनिवारी वाळूची पिशवी मऊ लाभो; शिकणारीला धीर आणि शिकवणाऱ्याला स्मरण लाभो; उभयतांचे कल्याण असो.